तांब्याच्या पत्र्यावरचे संत

बरोक काळातील भक्तिपर अम्लरेखने हा युरोपीय मुद्राचित्रकलेतील एक मोठा आणि बराचसा दुर्लक्षित विभाग आहे. तांब्याच्या पत्र्यावर मेण-राळेचा थर द्यायचा, त्यावर सुईने रेखाटायचे, उघड्या पडलेल्या रेघा आम्लाकडून खोदून घ्यायच्या, त्यांत शाई भरायची आणि ओलसर कागदावर छाप घ्यायचा, या तंत्राला अम्लरेखन म्हणतात. चित्रकारांच्या रोजच्या बोलण्यात ते एचिंग. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत कॅथलिक युरोपात या तंत्राने संतांची चरित्रे, चमत्कार आणि हौतात्म्ये पुन्हा पुन्हा छापली गेली. भव्य वेदिचित्रांच्या स्वस्त नकला असा शिक्का त्यांच्यावर फार काळ होता. पुष्कळ छापांच्या बाबतीत तो खराही आहे. मात्र बारोच्ची, रिबेरा आणि कालो या तिघांची अम्लरेखने त्या शिक्क्यात बसत नाहीत. भिंतीवरचे चित्र दुरून आणि समुदायाने पाहिले जाते, तर छाप हातात धरून एकट्याने वाचला जातो. या कलावंतांनी नेमक्या त्याच अंतराचा विचार करून संताची जागा, आकार आणि भोवतालची गर्दी ठरवली.

संतचित्रांना या काळात एवढे महत्त्व का आले, याचे उत्तर धर्मकारणात आहे. प्रोटेस्टंट सुधारकांनी संतपूजेवर आणि प्रतिमांवर हल्ला चढवला होता. उत्तरेकडच्या कित्येक शहरांत चर्चमधल्या मूर्ती फोडल्या गेल्या, चित्रे जाळली गेली. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने डिसेंबर १५६३ मधील शेवटच्या बैठकीत यावर आपला निर्णय दिला. संतांना विनवणी करणे योग्य आहे, प्रतिमांचा मान हा प्रतिमेत दाखवलेल्या व्यक्तीचा मान आहे, आणि चित्रांतून लोकांना धर्म शिकवावा; पण खोट्या कथा आणि अनाचार त्यांत नसावेत, असा त्याचा आशय होता. म्हणजे प्रतिमेला अभय मिळाले, पण लगामासह.

या लगामाचे परिणाम दूरवर झाले. १५२३ नंतर तब्बल ६५ वर्षे रोमने कोणालाही संतपद दिले नव्हते. ती परंपरा १५८८ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि त्याच वर्षी या कामासाठी स्वतंत्र खाते नेमले गेले. इतिहासकार कार्डिनल बारोनिउसने रोमन रक्तसाक्षी-नामावली तपासून सटीप केली. कोणत्या तारखेला कोणत्या संताचे स्मरण करायचे, हे त्या नामावलीवरून ठरे. अँटवर्पमध्ये जाँ बोलांड या येशूसंघीय (जेझुइट) पंडिताने संतचरित्रांची मूळ साधने तपासून छापण्याचे प्रचंड काम हाती घेतले. जानेवारी महिन्यातील संतांचे पहिले दोन खंड १६४३ मध्ये निघाले आणि पुढचे काम त्याच्या वारसांनी विसाव्या शतकापर्यंत चालवले. आठव्या अर्बन पोपच्या काळात १६२५ आणि १६३४ मध्ये निघालेल्या आदेशांनी, ज्यांना रोमची मान्यता नाही अशा व्यक्तींच्या डोक्यामागे प्रभावलय दाखवायला बंदी घातली. छापखान्याच्या दृष्टीने ही बाब किरकोळ नव्हती. एका वर्तुळावरून छाप कायदेशीर की बेकायदेशीर हे ठरू लागले.

मान्यता मिळण्याआधी लोकमत तयार करण्याचे कामही छापांनीच केले होते. आविलाच्या तेरेसाचे २५ चित्रांतले चरित्र अँटवर्पमध्ये १६१३ साली छापले गेले. तिला धन्यपद, म्हणजे संतपदाआधीची मान्यता, मिळाले ते त्यानंतर एका वर्षाने. येशूसंघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याचे सुमारे ऐंशी चित्रांचे चरित्र १६०९ मध्ये, त्याच्या धन्यपदाच्या वर्षीच, रोममध्ये निघाले. त्यातील काही चित्रांची रेखाटने तरुण रूबेन्सची असल्याचे अभ्यासक मानतात आणि पत्रे कोरण्याचे श्रेय जाँ-बातिस्त बार्बे याला देतात. १२ मार्च १६२२ रोजी इग्नेशियस, फ्रान्सिस झेवियर, तेरेसा, फिलिप नेरी आणि माद्रिदचा शेतकरी इसिद्रो या पाच जणांना एकदम संतपद मिळाले, तेव्हा युरोपभरच्या मुद्रकांना कामाची कमतरता पडली नाही.

इथे एक भेद स्पष्ट करावा लागतो. तेरेसा आणि इग्नेशियस यांची ही चरित्रे अम्लरेखने नव्हेत. ती कोरीव ठशांची, म्हणजे एनग्रेव्हिंगची आहेत. त्या पद्धतीत आम्ल लागत नाही. कारागीर पोलादी कोरणी तळहाताच्या जोराने पुढे ढकलतो आणि तांब्यातून धातूची बारीक तार काढत जातो. ही विद्या सोनारकामातून आलेली. रेघ सुरुवातीला बारीक, मध्ये जाड आणि शेवटी पुन्हा टोकदार होते. सगळे पृष्ठ शिस्तीच्या जाळीने भरलेले दिसते. ते शिकायला वर्षे लागतात आणि एका पत्र्याला आठवडे. अम्लरेखनाला असा हात कमवावा लागत नाही. मऊ थरावर सुई कागदावरच्या लेखणीइतकी सहज फिरते, त्यामुळे ज्याला चित्र काढता येते तो स्वतःच पत्रा करू शकतो. मध्ये दुसऱ्याचा हात येत नाही. संस्थांना आपल्या संतांचे अधिकृत चरित्र हवे असे तेव्हा त्या कोरीव ठशांकडे वळत, कारण एकसारखेपणा आणि टिकाऊपणा तिथे होता. चित्रकाराला स्वतः काही सांगायचे असे तेव्हा तो आम्लाकडे जाई. अर्थात याला अपवाद पुष्कळ, आणि एकाच पत्र्यावर दोन्ही तंत्रे वापरलेलीही वारंवार दिसतात.

कृती पाहिली की अम्लरेखनाचा स्वभाव कळतो. घासूनपुसून गुळगुळीत केलेला पत्रा तापवून त्यावर थर पसरतात, मग तो उलटा धरून खाली मेणबत्ती फिरवतात. काजळीने थर काळा होतो आणि सुईची प्रत्येक रेघ त्यावर तांबूस चमकते. चित्र उलटे काढावे लागते, कारण छापात डावे उजवे होते. उजव्या हाताने आशीर्वाद देणारा संत छापात डावखुरा निघाला, तर नकल करणाऱ्याने हा हिशेब केला नाही असे समजावे. सतराव्या शतकात यासाठी वापरले जाणारे एक द्रावण व्हिनेगर, नवसागर, मीठ आणि जंगाल उकळून तयार करत. तिरप्या ठेवलेल्या पत्र्यावर ते पुन्हा पुन्हा ओतत. जी रेघ फिकी हवी तिच्यावर मध्येच लेप लावून आम्ल अडवायचे आणि बाकीच्या रेघा खोल जाऊ द्यायच्या. या एका युक्तीने दूरचे आणि जवळचे, दिव्य आणि ऐहिक वेगळे दाखवता येऊ लागले. शेवटी दोन रुळांच्या दाबयंत्रातून पत्रा व कागद एकत्र काढायचे. खोदलेल्या रेघा झिजायला लागण्याआधी काही शे चांगले छाप निघत. नंतरचे करडे, थकलेले.

आम्ल अडवण्याची युक्ती भक्तीच्या कामी लावण्याचे मोठे श्रेय उर्बिनोच्या फेदेरिको बारोच्चीला जाते. त्याने सगळे मिळून चारच पत्रे केले, पण युरोपच्या चित्रकारांनी ते बारकाईने अभ्यासले. १५८१ सालचा मोठा पत्रा असिसीच्या फ्रान्सिसला मिळालेल्या क्षमादानाच्या प्रसंगाचा आहे. वेदीजवळ गुडघे टेकलेला फ्रान्सिस खाली आणि वर प्रकाशात ख्रिस्त, मारिया व संत निकोलस. विषय त्याच्याच वेदिचित्रातला, तरी हा पत्रा नकल ठरत नाही. वरचा प्रकाश रंगाशिवाय दाखवायचा होता. त्यासाठी बारोच्चीने तिथल्या रेघा कमी वेळ आम्लात ठेवल्या, काही जागी ठिपक्यांवर भागवले आणि खालचा अंधार खोल खोदून घेतला. संत ज्या दोन जगांच्या मध्ये आहे त्यांची सीमा आम्लाच्या वेळेने आखली गेली.

हौतात्म्याची चित्रे हा या परंपरेचा सर्वांत अस्वस्थ करणारा भाग. १५७८ मध्ये रोमजवळ भूमिगत ख्रिस्ती दफनभूमी सापडली आणि पहिल्या शतकांतल्या रक्तसाक्षींबद्दल नवे कुतूहल जागे झाले. धर्मप्रसाराला निघणाऱ्या तरुण येशूसंघीयांसमोर ही चित्रे मुद्दाम ठेवली जात. १५९१ मध्ये आंतोनिओ गाल्लोनिओने छळाच्या साधनांवर एक सचित्र ग्रंथ काढला. अंतोनिओ तेम्पेस्ताने पत्र्यांवर उतरवलेल्या त्यातील चित्रांत चाके, आकडे, शेगड्या आणि दोर यांचे वर्णन एखाद्या यंत्रशास्त्राच्या पुस्तकासारखे थंडपणे येते. या थंडपणाचा उबग येणे स्वाभाविक आहे.

हुसेपे दे रिबेराच्या हातात तोच विषय पूर्ण बदलतो. तो स्पेनमधल्या शातिव्हाचा, १५९१ चा जन्म, पण आयुष्य नेपल्समध्ये गेले. त्याची अम्लरेखने जेमतेम दीड डझन. १६२४ सालच्या पत्र्यात बार्थोलोम्यू या प्रेषिताची कातडी सोलली जात आहे. वृद्ध संत झाडाला बांधलेला आहे. सोलणाऱ्याने सुरी दातांत धरली आहे, कारण त्याला दोन्ही हात मोकळे हवे आहेत: एकाने दंड धरायचा, दुसऱ्याने कातडी ओढायची. मागे दुसरा माणूस आपले पाते परजतो आहे. दातांतली सुरी हा तपशील कोणत्याही धर्मग्रंथातून आलेला नाही. कामाच्या सवयी पाहणाऱ्या डोळ्याला तो सुचला. संताच्या सुरकुतलेल्या त्वचेवर रिबेराने बारीक ठिपके आणि तुटक रेघा वापरल्या आहेत, त्यामुळे ती त्वचा आधी हाताला जाणवते आणि मग सुरी दिसते. तेम्पेस्ताकडे यातना हा विषय होता. रिबेराकडे ती एका विशिष्ट म्हाताऱ्याची यातना आहे.

या सगळ्या कलावंतांत संतचरित्राचा सर्वांत अधिक फैलाव करणारा आणि तंत्रात सर्वांत भर घालणारा कलावंत म्हणजे लोरेनचा जाक कालो. नान्सी शहरात १५९२ मध्ये जन्म, लोरेनच्या दरबाराशी संबंधित घराणे, तरुणपणी रोममध्ये कोरीव ठशांचे शिक्षण, मग फ्लॉरेन्समध्ये मेदिची दरबारी नोकरी आणि १६२१ नंतर पुन्हा नान्सी. त्याच्या दोन सुधारणांनी अम्लरेखनाचे रूप पालटले. पहिली थराची. मेणाऐवजी त्याने ल्यूट हे तंतुवाद्य बनवणारे कारागीर वापरत ते जवसाचे तेल आणि मस्तकी गोंदाचे कडक व्हार्निश वापरले. मेणाचा थर अवेळी उचकटला की आम्ल नको तिथे शिरे. कडक थरात ती भीती उरली नाही आणि पत्रा अनेकदा आम्लात घालता येऊ लागला. दुसरी सुधारणा हत्याराची. तिरपे कापलेले लंबगोल तोंड असलेली एशोप नावाची सुई बोटांत फिरवली की रेघ जाड-बारीक होते. कोरणीची डौलदार रेघ त्यामुळे आम्लातही मिळू लागली. ही सगळी रीत आब्राम बॉसने १६४५ च्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवली, आणि पुढच्या पिढ्या त्यावरूनच शिकल्या.

कालोच्या संतचित्रांत दोन टोके आहेत. प्रेषितांच्या हौतात्म्याची मालिका काड्यापेटीहून जरा मोठ्या पत्र्यांवर आहे, तरी प्रत्येकात सैनिक, बघे, शहराची वेस आणि आकाश मावते. दुसरीकडे १६३५ चे ‘संत अँथनीचे मोहन’ हे मोठे चित्र. आभाळभर पसरलेला साखळदंडातला राक्षस, खाली भुतांचे सैन्य, आणि उजव्या बाजूला गुहेजवळ झुंजणारा, शोधल्याशिवाय न सापडणारा संत. सेबास्टियनच्या वधाच्या चित्रातही हीच मांडणी. मोकळ्या मैदानात मध्यभागी बांधलेली लहानशी आकृती, अवतीभवती तिरंदाज, मागे प्राचीन रोमसारख्या इमारती, आणि अनेक माणसे आपापल्या कामात. संत एवढा लहान का, असा आक्षेप त्यावर घेतला जातो. तो टिकत नाही. मोठे चित्र संत दाखवते. कालोचा छाप तो शोधायला लावतो, आणि एकट्याने ध्यानासाठी चित्र पाहणाऱ्याला हा शोध हीच साधना असते. इग्नेशियसच्या ‘आध्यात्मिक साधने’त प्रसंगाची जागा मनासमोर उभी करून मग त्यातील व्यक्तींकडे वळण्याची रीत आहे. कालोचे पत्रे त्याच क्रमाने पाहता येतात. शिवाय त्याने ‘युद्धाची मोठी संकटे’ ही मालिका १६३३ मध्ये छापली, त्याच वर्षी फ्रेंच फौजांनी नान्सी घेतली. संतांना मारणारे त्याचे सैनिक पुराणातले वाटत नाहीत. ते त्याच्या रस्त्यावरचे आहेत.

२४ मार्च १६३५ रोजी कालो वारला. त्याचा मित्र आणि प्रकाशक इस्राएल आंरिए याने पुढच्या वर्षी पॅरिसमध्ये त्याची वर्षभरातील सर्व संतांची चित्रे प्रसिद्ध केली आणि ती कार्डिनल रिशलिएला अर्पण केली. रोमन नामावलीच्या क्रमाने, तारीखवार, लहान लंबगोलांत, एका पानावर चार याप्रमाणे सुमारे ४९० चित्रे यात आहेत. सगळी सारखी चांगली नाहीत. कित्येक ठिकाणी गुडघे टेकलेला साधू आणि वर उघडलेला ढग एवढ्यावर भागवले आहे, आणि ते समजण्यासारखे आहे. कारण नामावलीत पुष्कळ संतांविषयी नाव आणि मृत्यूची जागा यापलीकडे काही नसते. पण जिथे कथा आहे तिथे दोन बोटांच्या जागेत ती पूर्ण सांगितली आहे. घरच्या घरी रोजचा संत उघडून पाहायची सोय या पुस्तकाने केली.

कालोच्याच एका पत्र्याचा धागा थेट वसईशी जुळतो. जपानमधील रक्तसाक्षींचे हे चित्र १६२७ च्या सुमाराचे आहे. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत जपानचा तेव्हाचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या हुकमावरून २६ ख्रिस्ती जणांना क्रूसावर चढवून भाल्यांनी मारण्यात आले. त्यांपैकी २३ जण फ्रान्सिस्कन संघाचे किंवा त्याच्याशी जोडलेले होते, तर तिघे येशूसंघाचे. १६२७ मध्ये त्यांना धन्यपद मिळाले ते दोन वेगळ्या आदेशांनी. कालोच्या चित्रात २३ च क्रूस का, याचे कारण हे. त्या २३ जणांत गोन्सालो गार्सिया होता: पोर्तुगीज पित्याचा आणि स्थानिक मातेचा मुलगा, वसईत जन्मलेला, आधी जपानात व्यापार करणारा, मग मनिलात फ्रान्सिस्कन बंधू झालेला आणि भाषा येत असल्यामुळे दुभाषी म्हणून पुन्हा जपानात गेलेला. कालोने आशिया कधी पाहिला नाही. नागासाकीची टेकडी त्याने वृत्तांतांवरून आणि आधीच्या चित्रांवरून रचली. तरीही वसईच्या माणसाचे हौतात्म्य सुमारे तीस वर्षांत लोरेनमधल्या पत्र्यावर उतरले, यावरून या छापांचे जाळे किती लांबवर होते ते कळते.

उलट दिशेनेही चित्रे प्रवास करत होती. १५८० मध्ये गोव्याहून अकबराच्या दरबारात गेलेल्या येशूसंघीयांनी अँटवर्पमध्ये छापलेले सचित्र बहुभाषी बायबल नेले. मोगल चित्रशाळेत युरोपीय छापांवरून संत जेरोम आणि संत योहान यांची चित्रे झाली. योहानाचे चित्र काढणारा अबुल हसन तेव्हा तेरा वर्षांचा होता. गोव्यात १६३६-३७ मध्ये स्थानिक कारागिरांनी घडवलेल्या फ्रान्सिस झेवियरच्या चांदीच्या पेटीवर त्याच्या जीवनातील प्रसंग चौकटीचौकटीने येतात, आणि ही मांडणी छापील चित्रचरित्रांच्या धाटणीची आहे. त्याच काळात शब्दांतही संतचरित्रे मराठीत आली. थॉमस स्टीफन्सच्या ‘क्रिस्तपुराणा’नंतर (१६१६) एत्येन द ला क्रुआ या फ्रेंच येशूसंघीयाने पीटरच्या जीवनावर ओवीबद्ध पुराण रचले आणि ते १६२९ व १६३४ मध्ये गोव्यात छापले गेले. म्हणजे कालो प्रेषितांची हौतात्म्ये रेखाटत होता त्या सुमारास त्यांच्यातल्या पहिल्याचे चरित्र मराठी ओवीत होते.

प्रोटेस्टंट हॉलंडमध्ये संतपूजा नव्हती, पण संत नाहीसे झाले नव्हते. रेम्ब्रांटने जेरोमला अनेकदा पत्र्यावर घेतले. १६५३ च्या सुमाराच्या छापात तो इटालियन भूदृश्यात टोपी घालून वाचत बसला आहे, अर्धा रिकाम्या कागदात विरलेला. त्याचा सिंह मात्र पाठमोरा उभा राहून पहारा देतो. प्रभावलय नाही, चमत्कार नाही. रोमची परवानगी लागत नव्हती तिथे संत केवळ एक वाचणारा म्हातारा होऊ शकला.

अठराव्या शतकात दक्षिण जर्मन छापखान्यांकडे, विशेषतः आउग्सबुर्गच्या क्लाउबर बंधूंकडे, या व्यवसायाचे केंद्र सरकले. त्यांच्या संतचित्रांना शिंपल्यांच्या, वेलबुट्ट्यांच्या नागमोडी चौकटी असतात आणि कधी चौकट संताहून मोठी होते. कारागिरी निर्दोष, आवेग कमी. एकोणिसाव्या शतकात शिळाछाप आला आणि प्रार्थनापुस्तकात ठेवायच्या रंगीत संतचित्रांचा सुकाळ झाला. अम्लरेखन धर्माच्या बाजारातून बाहेर पडून पुन्हा चित्रकारांच्या कार्यशाळेत गेले.

जुन्या छापांपैकी जे उरले ते प्रामुख्याने संग्राहकांच्या वह्यांमध्ये जपलेले. भक्तांनी वापरलेले छाप भिंतींवर खिळ्यांनी ठोकले गेले, रंगवले गेले, कातरले गेले, दिव्याच्या धुराने काळवंडले आणि संपले. म्हणून आज संग्रहालयात दिसणारी स्वच्छ प्रत ही या चित्रांच्या आयुष्याची नेहमीची अवस्था नव्हे. छाप तपासताना तळची लॅटिन अक्षरे आधी वाचावीत: ‘इन्व्हेनित’ म्हणजे कल्पना कोणाची, ‘स्कल्प्सित’ म्हणजे कोरले कोणी, ‘फेकित’ म्हणजे केले कोणी (अम्लरेखनकार बहुधा हाच शब्द वापरतो) आणि ‘एक्स्कुदित’ म्हणजे प्रसिद्ध कोणी केले. पहिले आणि तिसरे नाव एकच असेल तर चित्र कलावंताच्या हातचे असण्याची शक्यता मोठी. त्यानंतर पत्र्याच्या कडेचा कागदावर उमटलेला दाब, रेघांचा काळेपणा आणि सावल्यांतील झीज पाहावी. कालोचे कित्येक मूळ तांब्याचे पत्रे नान्सीच्या लोरेन संग्रहालयात आहेत. त्याचे, रिबेराचे आणि रेम्ब्रांटचे छाप लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आणि न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये जतन केलेले असून त्यांची छायाचित्रे घरबसल्या मोठी करून पाहता येतात. कालोची चित्रे पाहताना मात्र भिंग लागतेच.